काठी लावीन तिथं

कौलं फुटली ती लेकीमुळे, असं सुरुंग्यानं सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं. दगड त्यानं मारले होते, एकामागून एक, नेम धरून. पण लेक छपरावर चढलीच नसती तर दगड छपरावर गेले असते का, असा त्याचा सवाल होता. हा सवाल तो अशा थाटात विचारायचा की समोरचा माणूस उत्तर शोधण्याऐवजी दार शोधायचा.

खाणीत सुरुंग लावायचं काम त्याचं, म्हणून सुरुंग्या. खडकात भोक पाडायचं, दारू ठासायची, वात ओढायची. तिथं त्याच्याइतका जपून वागणारा माणूस नव्हता. वात पेटवण्याआधी लाल फडकं हलवायचा, घसा फाटेस्तोवर ओरडायचा, शेवटचं कुत्रं लांब गेल्याशिवाय काडी ओढायचा नाही. त्याच्या हातून खाणीत कुणाला खरचटलंही नव्हतं. घरात मात्र ना फडकं ना आरोळी. जेवता जेवता ताट उडायचं आणि मग कळायचं, वात कधीचीच पेटलेली होती. पावसाळ्यात खाणीत पाणी भरलं की काम बंद, आणि हा दिवसभर घरात. त्याच्या बायकोला पावसाळा नकोसा वाटे तो काही ओल्या सरपणामुळे नव्हे.

घरातल्या एकाच गोष्टीवर त्यानं कधी हात उचलला नव्हता. छपरावर. ते त्यानं स्वतः घातलं होतं. वासे स्वतः तासले, रिपा स्वतः ठोकल्या, भट्टीवर जाऊन एकेक कौल बोटाच्या पेरानं वाजवून घेतलं. बद्द वाजलं की बाजूला. बायकोला त्यानं असं कधी निरखून पाहिलं नव्हतं. कौलांवर मांजर चाललं तरी हळू आवाजात हुसकायचा, दचकून उडी मारेल आणि आढ्यावरचा कोना, म्हणजे टोकाचं कौल, हलेल म्हणून. हे बघून बघूनच बायकोनं एक युक्ती काढली होती. लेक लहान असताना, घरात वात पेटल्याचा वास आला की ती पोरीला शिडीवर चढवायची. वर बस. तिथं तो काही करायचा नाही. पोर आढ्यावर बसून पाय हलवत राहायची, आणि खाली जे व्हायचं ते एकटीला व्हायचं. पोर मोठी झाली तरी ती सवय राहिली. रागावलेल्या बापापासून वाचायचं तर त्याच्या छपरावर जायचं, हे दोघींना इतकं पक्कं ठाऊक होतं की त्यात कधी खोट निघेल असं मनातही आलं नाही.

गल्लीच्या टोकाची शिंपीण दुकान हलवून शहरात चालली होती. लेकीला शिवण तिनंच शिकवलं होतं, आणि तिला ती बरोबर नेणार होती. लेकीनं पिशवी भरली. बापानं पिशवी अंगणात भिरकावली. लेक शिडीवरून वर गेली, आईनं तिला डोळ्यांनी जा म्हटलं म्हणून. पहिला दगड कौलावर आपटला तेव्हा आईला वाटलं, हातातून निसटला असेल. मग त्यानं दुसरा उचलला.

कुंपण घालायला म्हणून खाणीतून आणलेल्या दगडांचा ढीग वळचणीखालीच होता. लेक घरंगळत आली ती त्याच ढिगावर. हाडवैद्यानं पायाला फळ्या बांधल्या आणि पोरीकडे न बघता आईला म्हणाला, "पडली म्हणे."

"पडली," आई म्हणाली.

"बरं. पुन्हा पडायला देऊ नका."

आता मधल्या खोलीत लेकीची खाट होती आणि खाटेभोवती पातेली, तपेली, तांबे, जे काही घरात खोलगट होतं ते सगळं. पाऊस लागला की प्रत्येक भांड्याचा वेगळा सूर लागायचा. लेक फळ्यांत पाय घेऊन त्यांच्यामध्ये पडून असायची आणि वर बघायची. बघायला दुसरं काही नव्हतं.

आज सकाळी पावसानं जरा उसंत घेतली. सुरुंग्यानं गोठ्यामागची राखीव कौलं अंगणात आणवली, म्हणजे बायकोनं आणली. शिडी लावली. चपला काढून ठेवल्या. छपरावर तो अनवाणीच चढायचा, चढताना पहिल्या कौलाला हात लावून कपाळाला लावायचा.

"ए, टोपली भर. आणि तिला सांग काठी घे म्हणावं. पडून पडून खातेय नुसती."

काठीची पद्धत या घरातली जुनी. तडा गेलेलं कौल वरून कळत नाही; शेवाळ आणि ओल यांत सगळी सारखीच दिसतात. आतून मात्र अंधारात बारीकसा उजेड येतो. मग आतल्या माणसानं लांब काठीनं ते कौल खालून उचलायचं, वर ते जरासं हलतं, वरच्यानं ते काढून दुसरं घालायचं. म्हणजे वरचा माणूस कितीही शहाणा असला तरी आतला सांगेल तिकडंच त्याला जावं लागतं. सुरुंग्याला हे कधीच आवडलं नव्हतं, म्हणून आतल्या माणसाला तो कायम शिव्या देत काम करायचा.

"इथं," आतून लेकीचा आवाज आला. एक कौल हललं.

"दिसतंय. आंधळा नाही मी."

आई टोपली डोक्यावर घेऊन शिडी चढायची, तो वरून एकेक कौल उचलायचा, फुटकं खाली टाकायचा. टाकताना खाली कोण आहे हे बघायची त्याला सवय नव्हती. एक तुकडा तिच्या खांद्यावर बसला. तिनं शिडी सोडली नाही, टोपली वाचवली. टोपली पडली असती तर पुढचा तुकडा नेम धरून आला असता.

"लागलं का?" आतून लेकीनं विचारलं.

"नाही."

"लागलं तर लागलं," तो वरून म्हणाला. "दगडांवर पडून ती मेली नाही ना, मग? कौलानं काय मरतं कुणी. या कौलांना मात्र जपायला पाहिजे होतं. माझ्या हातची होती. माझ्या हातांनी फोडायला लावलीत तुम्ही दोघींनी."

हे बोलताना त्याचा गळा खरोखर भरून आला. तिला तेवढ्यातही हसू यायला बघत होतं, पण तिनं ते ओठांतच दाबलं.

शिंपीण फाटकाशी आली तेव्हा अर्धं काम झालं होतं. बाई अंगानं बारीक, पण जिभेला धार कात्रीची. तिनं वर बघितलं.

"काय हो, आज दगड संपले वाटतं?"

"चालती हो," तो म्हणाला.

"चालतेच आहे. सामान भरून झालं. भावाचा टेम्पो उभा आहे." मग फाटकातूनच आवाज खाली आणून आईला म्हणाली, "पोरीला दे माझ्याबरोबर. तिथं दवाखाना आहे. इथं फळ्यांत वाकडा पाय घेऊन उठली तर जन्मभर हा तिला लंगडी म्हणून हाका मारेल."

"कशी नेणार? चालता येत नाही. आणि हा."

"हा तर वर आहे."

"उतरायला शिडी आहे ना."

शिंपिणीनं शिडीकडे बघितलं, मग आईकडे. काही बोलणार तेवढ्यात फुटकं कौल फाटकाच्या खांबावर आपटून फुटलं. एक कपची तिच्या गालाला लागली. तिनं बोटानं रक्त टिपलं, बघितलं.

"नेम चुकला हो," ती वर बघून म्हणाली. "वय झालं." आणि आईला, "टेम्पो थोडा वेळ थांबेल. जास्त नाही."

ती गेली. आईनं टोपली पुन्हा भरली. आभाळ खाली आलं होतं.

"आता कुठं?" वरून आवाज.

"चुलीच्या बाजूला," आत लेक म्हणाली. "अजून. अजून थोडं. भिंतीकडे."

आईच्या हातातलं कौल हातातच राहिलं.

चुलीच्या बाजूच्या वाशाला वाळवी होती. बाहेरून वासा धडधाकट दिसायचा, आतून भुसा. गेल्या साली झाडताना तिला तो भुसा केरात सापडला तेव्हा तिनं त्याला सांगितलं होतं. साध्या शब्दांत, जेवण झाल्यावर, वेळ बघून. माझ्या छपराला नाव ठेवतेस, म्हणून त्यानं तिचं डोकं त्याच भिंतीवर आपटलं होतं. तेव्हापासून भुसा पडला की ती मुकाट्यानं झाडून टाकायची आणि वाशावरचे मातीचे बोगदे खरवडून तिथं तेल चोळायची. घरात हे दोघींना माहीत होतं. ज्यानं तो वासा तासला त्यानं तेवढं कधी खरं मानलं नव्हतं.

आणि त्या बाजूला एकही कौल फुटलेलं नव्हतं. तिकडं दगड गेलेच नव्हते.

ती आत धावली. लेक खाटेवर कोपरावर रेलून उठली होती. काठी दोन्ही हातांत धरून ती एक चांगलं, न तडकलेलं कौल खालून ढोसत होती. हळू, गोड आवाजात म्हणत होती, "अजून एक पाऊल, बाबा."

"काठी दे," आई म्हणाली.

"मी काय केलं? मी नुसती काठी लावलीय."

"दे म्हणते ना. तुझ्या हातून नको."

"मग कुणाच्या हातून? तुझ्या हातून होणारे का?" लेक आईकडे बघत नव्हती, वर बघत होती. "मी इथं पडून रोज बघतेय तो वासा. मला दुसरं काय काम आहे?"

आईनं काठीला हात घातला. तेवढ्यात वर काहीतरी मोडलं. फार मोठा आवाज झाला नाही, वाळलेली फांदी मोडावी तेवढाच. मग कौलं, रिपांचे तुकडे आणि पिवळा भुसा खाटेवर कोसळला, आणि त्यामागून सुरुंग्याचा एक पाय मांडीपर्यंत आत आला.

दोघी त्या पायाकडे बघत राहिल्या. या पायाची दोघींना चांगली ओळख होती, पण तो असा कधी बघितला नव्हता. हवेत सायकल चालवल्यासारखा हलणारा, नडगीला सोललेला, टाचेला भेगा पडलेला. पाय आधार शोधत होता. वर सुरुंग्या एखाद्या म्हशीसारखा हंबरत होता.

लेकीनं काठी आईच्या हातातून हिसकली आणि नडगीवर घातली. पुन्हा घातली. त्याच जागी, जिथं तिच्या स्वतःच्या पायाला फळ्या होत्या. वरून शिव्या आल्या, मग शिव्या संपल्या आणि नुसता आवाज आला. आईनं लगेच अडवलं नाही. किती वेळ अडवलं नाही हे ती पुढं स्वतःलाही सांगणार नव्हती. मग तिनं काठी मधोमध धरली.

"बास. मेला तर तुझ्या नावावर जाईल. शहरात शिवायला बसशील तर हातावर हेच दिसेल."

लेकीनं काठी सोडली आणि ती रडायला लागली. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून.

आई भोकाखाली उभी राहिली. "अहो. ऐकताय का? हलू नका. चुलीकडचा वासा खाल्लेला आहे. त्याच्या शेजारचाही."

"कुणी मारलं? कोण मारत होतं खालून?"

"जोर करू नका म्हणते. डाव्या हाताला रीप लागेल ती सोडा, ती धरू नका. उजवीकडे आढ्याच्या बाजूला हात टाका. लागलं? आता अंग ओढा. हळू."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तिचं ऐकलं, कारण त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. पाय वर गेला. रक्ताचे ठिपके खाटेवर पडले. कौलांवरून पोट घासत गेल्याचा आवाज आला, मग धाप लागल्याचा. तो आढ्यावर पोहोचला होता आणि घोड्यावर बसावं तसा दोन्हीकडे पाय टाकून बसला होता.

"तिथंच बसा," आईनं सांगितलं. "मी आले."

बाहेर येऊन तिनं शिडीला हात घातला. एकटीला उचलत नव्हती ती, तरी उचलली. वर त्यानं बघितलं.

"शिडी कुठं नेतेस?"

तिनं शिडी आडवी करून दारातून आत घेतली, खाटेशेजारी ठेवली, वर गोधडी घातली. "सरक," ती लेकीला म्हणाली. लेकीनं तिच्या गळ्यात हात टाकले. फळ्यांचा पाय आधी, मग बाकीचं अंग. लेक शिडीवर निजली आणि आईनं साडीनं तिला पायऱ्यांना बांधलं. मग दारात येऊन गल्लीच्या दिशेनं एकच हाक मारली. शिंपीण वाटच बघत असावी, कारण ती भावाला घेऊन पळत आली.

"अगं, शिडीच?" शिंपीण म्हणाली.

"शिडीच."

शिंपिणीनं तेवढ्या घाईतही वर एक नजर टाकली आणि पदर तोंडाला लावला.

तिघांनी शिडी उचलली. आई मागच्या टोकाला. अंगणात आली तेव्हा पहिलं कौल तिच्या पायाशी फुटलं.

"खाली ठेव तिला," सुरुंग्या म्हणाला. त्यानं ओरडून नाही सांगितलं. मग ओरडला. हाताशी दगड नव्हता. दगड सगळे खाली ढिगात होते आणि वर नुसती कौलं होती, त्याची, पेरानं वाजवून घेतलेली. त्यानं आढ्यावरचा कोना उपटला आणि भिरकावला. मग त्याखालचं कौल. मग त्याच्या शेजारचं. सकाळपासून बसवलेली, अजून कोरडी असलेली, लाल. शिंपिणीच्या भावाच्या पाठीवर एक बसलं. तो कळवळला, पण त्यानं शिडी सोडली नाही. एक लेकीच्या डोक्याजवळून गेलं. एक आईच्या कानामागं बसलं आणि तिला क्षणभर सगळं पांढरं दिसलं. मानेवरून गरम काहीतरी पाठीत उतरलं. तिनं शिडीचं टोक अजून घट्ट धरलं आणि चालत राहिली. माणूस किती लांब फेकू शकतो हे तिला इतक्या वर्षांच्या सवयीनं ठाऊक होतं, फाटकाच्या खांबापर्यंत. खांब ओलांडला तशी ती थांबली, श्वास घेतला.

गल्लीतली माणसं दारात आली होती. मागं सुरुंग्या ओरडत होता, शिडी आणा, कुणीतरी शिडी आणा. सुतार आपल्या दारात उभा होता.

"माझी आहे," तो बायकोला म्हणाला, "पण तिची एक पायरी मोडकी आहे."

"कधी मोडली?"

"आताच मोडली," सुतार म्हणाला आणि आत गेला.

टेम्पोत शिलाई मशीन, कापडाचे गठ्ठे आणि त्यांच्यामध्ये शिडी. शिंपिणीनं आपल्या जुन्या पोलक्याची पट्टी फाडून आईच्या डोक्याला बांधली. "चढ तूही."

"येते. जरा थांबा."

"आता कशाला परत? तो राहील वर. पाऊस आला की थंड होईल."

"तो पडला तर लोक म्हणतील लेकीनं बापाला वर टाकून मारलं," आई म्हणाली. "हिच्या मागं ते लागायला नको. तेवढं करून येते."

लेकीनं तिचा हात धरला होता. तो सोडवून घ्यायला तिला थोडा वेळ लागला.

परत आली तेव्हा बारीक पाऊस सुरू झाला होता. अंगणात चालायला जागा नव्हती, लाल तुकडेच तुकडे. आढ्याच्या दोन्ही बाजूंनी घर उघडं पडलं होतं आणि वासे बरगड्यांसारखे दिसत होते. मधोमध तो बसलेला. अंगावरचा सदरा चिकटलेला, पायाचं रक्त पाण्यात मिसळून कौलांवरून ओघळत होतं. हातात एक कौल होतं. तिला बघून त्यानं हात उचलला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, खाली घेतला.

"शिडी?"

"लेकीबरोबर गेली. तिच्यावर ती निजलीय."

त्यानं वळचणीखालच्या दगडांच्या ढिगाकडे बघितलं. मागच्या बाजूला बघितलं, तिकडं ओढ्याची घळ. मग आपल्या दोन्ही बाजूंच्या वाशांकडे. ते सगळे सारखेच दिसत होते, ओले, काळे, धडधाकट.

"उतरू कसा मी?"

"आतून. मी आतून काठी लावते. काठी लावीन तिथली कौलं काढा आणि तो वासा धरून खाली लोंबकळा. खाली खाट आहे."

"आणि तू?"

"मी चालले. टेम्पो थांबलाय."

पाऊस त्याच्या नाकावरून ठिबकत होता.

ती आत गेली. मधल्या खोलीत आता भांडी ठेवून उपयोग नव्हता. पाऊस सरळच येत होता. तिनं खाट ओढून भिंतीपासून लांब, खोलीच्या मधोमध आणली, तिच्यावर घरातली सगळी अंथरुणं टाकली. मग काठी उचलली. कुठला वासा खाल्लेला आणि कुठला नाही, हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. कितीतरी सकाळी तिनं ते सगळे झाडले होते. दाराकडून दुसरा वासा पक्का होता. दोन माणसं लोंबकळली असती तरी हलला नसता. तिनं काठीचं टोक त्याला टेकवलं, शेजारचं कौल जरा उचललं.

"इथं," ती म्हणाली.

वर सरकल्याचा आवाज आला. आढ्याच्या लाकडाला घट्ट बिलगून, एकेक वीत. मग थांबला. कौलांच्या फटीतून त्याचा एक डोळा दिसला.

"हा पक्का आहे?"

"तुमच्या हातचा आहे."

"खरं सांग."

तिनं काठीचं खालचं टोक खाटेच्या चौकटीत रोवलं, वरचं वाशाला नीट टेकवलं आणि हात काढून घेतला. काठी उभी राहिली. तिनं खुंटीवरचं लेकीचं पोलकं घेतलं, कोपऱ्यातली पिशवी घेतली. दारात तिच्या चपलांशेजारी त्याच्या चपला होत्या. पाऊस लागत होता म्हणून त्या तिनं आत सरकवल्या. मग बाहेर पडली.

फाटकाशी पोहोचेपर्यंत कौल काढल्याचा आवाज आला नव्हता. ती क्षणभर थांबली. मागून पावसात टक टक ऐकू येत होतं. बोटाच्या पेरानं तो वासा वाजवून बघत होता, इथं, मग जरा पुढं, मग पुन्हा इथं, आणि कान लावून ऐकत होता.

ती गल्लीच्या टोकाला गेली तरी ते चालूच होतं.